57 वर्षं अंगात राहिला, मग शरीराला कळलं कसं नाही?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. कागल तालुक्यातल्या एका शिक्षिकेच्या सासूबाईंना, वय 66, तीन आठवड्यांपूर्वी डाव्या बरगडीखाली नागीण उठली. पहिले दोन दिवस नुसती आग आणि टोचणी. मग पाण्याने भरलेले फोड, पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यासारखे. गल्लीतल्या एका जाणत्या बाईंनी गेरूचा लेप दिला आणि नागिणीचं तोंड शेपटाला भिडू नये म्हणून शाईची रेघ ओढली. यात दवाखाना गाठायला फोड उठल्यापासूनचा चौथा दिवस उजाडला. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. फोड सुकले, खपल्या धरल्या, पण दुखणं काही जात नाही.

डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? आल्या होत्या, नवव्या वर्षी. मग हा तोच विषाणू, असं ते म्हणाले, आणि तेव्हापासून ताईंना झोप नाही. त्या लिहितात: "मी सातवीच्या मुलांना शिकवते की शरीरात बाहेरचं काही शिरलं की पांढऱ्या पेशी ते शोधून मारतात. मग हा 57 वर्षं आत होता तर शरीराला कळलं कसं नाही? पहिल्याच दिवशी गोळ्या दिल्या असत्या तर तो कायमचा गेला असता का? मी त्यांना नवरात्राचे उपवास करू दिले, त्याने हे झालं का? आणि चार वर्षांच्या नातवाला आजीपासून लांब ठेवलंय, ते अजून किती दिवस?"

ताई, आधी त्या तोंडा-शेपटाचं बोलू, कारण सासूबाई त्याच भीतीने रात्रभर पट्टा चाचपत बसतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना निर्धास्तपणे सांगा की ते टोक पुढे सरकून दुसऱ्या बाजूला जाणार नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंना चेतापेशींच्या छोट्या छोट्या गाठी असतात. डावीकडची गाठ डाव्या अंगाच्या एका पट्ट्याची संवेदना सांभाळते, उजवीकडची उजव्या. नागीण म्हणजे यातल्या एका गाठीतला विषाणू जागा होऊन तिथल्या तंतूंवरून कातडीपर्यंत येणं. पट्टा तेवढाच, जेवढा त्या गाठीचा इलाका. म्हणून फोड पोटाच्या मध्यरेषेशी येऊन थांबतात. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या एखाद्या माणसाला क्वचित दोन्हीकडे किंवा अंगभर फोड येतात. ते गंभीर असतं, पण ते दोन टोकं भिडली म्हणून नव्हे. शाईची रेघ नसती ओढली तरी सासूबाईंची नागीण होती तिथेच थांबली असती.

आता तुमचा मोठा प्रश्न. तुम्ही मुलांना शिकवता ते चूक नाही, पण त्यात एक पायरी राहून जाते. शरीराला पेशीच्या आतला विषाणू दिसतो तरी कसा? रक्तातली प्रतिपिंडं पेशीच्या बाहेर फिरणाऱ्या विषाणूला धरू शकतात. एकदा तो पेशीच्या आत गेला की दार बंद. आतमध्ये डोकावायला डोळा नाही.

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांचं गुऱ्हाळ होतं, आणि सासूबाईंनी ऐन उमेदीत चुलवाणापाशी राबून दिवस काढले. तेच गुऱ्हाळ डोळ्यासमोर आणा. लांबून रस्त्याने जाणाऱ्या माणसाला गुऱ्हाळ चालू आहे हे कशावरून कळतं? काहील त्याला दिसत नाही, गुळाच्या ढेपा तर आत रचलेल्या. त्याला दिसतात ती बाहेर वाळत घातलेली चिपाडं आणि धुराडं. पेशीचंही तसंच आहे. प्रत्येक पेशी आत जी प्रथिनं बनवते, त्यांचे मोडके तुकडे, आठ-दहा अमिनो आम्लांएवढे, ती आपल्या अंगावर बाहेर टांगून ठेवते. ते टांगायच्या खुंटीला एमएचसी म्हणतात. टी पेशी, म्हणजे तुमच्या त्या पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार, अंगभर हिंडत या खुंट्या चाचपतात. घरचे तुकडे असले तर पुढे जातात. परका तुकडा सापडला की ती पेशी आतून बाधित आहे असं समजून तिला मारतात.

यातली खरी गोम अशी. हे तुकडे येतात कुठून? पूर्वी वाटायचं, जुनी झालेली प्रथिनं मोडली जातात त्यातून. जोनाथन युडेल या अमेरिकन संशोधकाने 1996 मध्ये सहकाऱ्यांबरोबर वेगळी गोष्ट मांडली: यातला बराच भाग नव्याने बनत असतानाच फसलेल्या, वाकड्या निघालेल्या प्रथिनांचा असतो. म्हणजे पेशीत माल किती साठलाय यावरून नाही, तर माल आत्ता किती निघतोय यावरून शरीर अंदाज बांधतं. कोठीत शंभर ढेपा पडून असल्या आणि चुलवाण थंड असलं तर दारात ताजं चिपाड पडणार नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण विषाणूंनी नेमकी हीच फट पकडली आहे. प्रथिन बनवणं थांबवलं किंवा हळू केलं, की शरीराच्या नजरेतून तुम्ही गेलात.

सासूबाईंच्या अंगातला विषाणू, त्याचं नाव व्हेरिसेला झोस्टर, चुलवाण पार विझवून बसतो. कांजिण्यांच्या वेळी तो कातडीतून चेतातंतूंमध्ये शिरतो, तंतूंवरून मणक्याजवळच्या गाठींमध्ये पोचतो, काही रक्तातल्या पेशींबरोबरही तिथे जातो. तिथल्या चेतापेशीच्या केंद्रकात त्याचा डीएनए नुसता पडून राहतो. या डीएनएत सुमारे 70 जनुकं आहेत. कांजिण्यांत ती सगळी कामाला लागतात. गाठीत बसल्यावर जवळजवळ सगळी गप्प. 2018 मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने, मृत्यूनंतर थोड्याच तासांत काढलेल्या मानवी चेतागाठी तपासून, या झोपलेल्या विषाणूतून कोणते संदेश, म्हणजे जनुकांवरून उतरवलेल्या आरएनएच्या नकला, निघतात ते बारकाईने पाहिलं. थोड्याच तासांत यासाठी, की उशीर झाला तर विषाणू जागा व्हायला लागतो आणि चित्र बिघडतं. त्यांना मुख्यतः एकच संदेश सापडला, आणि कुठे कुठे आणखी एक. तो मुख्य संदेश काय करतो? विषाणूला जागं करणाऱ्या एका जनुकाच्या उलट दिशेने तो लिहिलेला आहे, आणि प्रयोगात त्याने त्याच जनुकाचं तोंड दाबलेलं दिसलं. म्हणजे दिवा विझवलाय आणि बटणावर हात धरून बसलाय.

त्यात जागाही त्याने विचार करून निवडल्यासारखी आहे. विषाणू विचार करत नाही हे मला माहीत आहे, तरी हे वाक्य दरवेळी तसंच तोंडात येतं. चेतापेशींच्या अंगावर एमएचसीच्या खुंट्या मुळात फार थोड्या असतात. आणि या पेशी एकदा मेल्या की पुन्हा बनत नाहीत, त्यामुळे शरीरही तिथे हात राखून वागतं. याच कुळातला दुसरा विषाणू आहे, तापानंतर ओठावर फोड आणणारा हर्पिस. उंदरांवरच्या अभ्यासात असं दिसलं की त्याने बाधलेल्या गाठींभोवती टी पेशी पहारा देत बसतात, आणि विषाणूने तोंड वर काढलं तर चेतापेशीला न मारता त्याचं एक कळीचं प्रथिन तेवढं कापून टाकतात. तेव्हा "शरीराला कळलंच नाही" असं अगदीच म्हणता येत नाही. चुलवाण पेटायची वाट बघत राखणदार बसलेला असतो. वय वाढलं की राखणदार थकतो, संख्येने कमी होतो. नागीण बहुतेक करून पन्नाशीनंतर उठते ती यामुळे.

ही सगळी गोष्ट इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या छोट्या गावातल्या एका साध्या दवाखान्यातून सुरू झाली, आणि मला ती फार आवडते. एडगर होप-सिम्पसन हे तिथले गावचे डॉक्टर. कांजिण्या आणि नागीण यांचं काहीतरी नातं आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोकांच्या लक्षात येत होतं, कारण घरात नागिणीचा रुग्ण असला की मुलांना कांजिण्या येत. होप-सिम्पसन यांनी 1947 ते 1962 अशी 16 वर्षं आपल्याच दवाखान्यातल्या नागिणीच्या 192 रुग्णांची नोंद ठेवली. वय, पट्टा कुठे उठला, घरात कांजिण्या कुणाला होत्या, सगळं. बाहेरून संसर्ग कमी येईल अशा ठिकाणी काय होतं ते पाहायला ते शेटलंड बेटांतल्या येल बेटावरही गेले. 1965 मध्ये त्यांनी मांडलं की नागीण बाहेरून येत नाही, लहानपणी आलेला विषाणूच चेतागाठीत लपून राहतो आणि प्रतिकार उणा पडला की बाहेर पडतो. त्या वेळी त्यांच्या हाताशी वही, पेन आणि रोजचे रुग्ण एवढंच होतं. गाठींमध्ये विषाणूचा डीएनए प्रत्यक्ष सापडायला 1980चं दशक उजाडलं.

तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून इथे थोडी आडवाट घेते, कारण प्रथिन किती बनवायचं यावरून लपण्याचा सगळ्यात देखणा नमुना दुसऱ्याच विषाणूत आहे. एपस्टाइन-बार विषाणू. युगांडातल्या लहान मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या एका गाठीचा अभ्यास डेनिस बर्किट या शल्यविशारदाने केला होता. त्या गाठीच्या पेशींमध्ये 1964 मध्ये लंडनला हा विषाणू दिसला. जगातल्या दहांपैकी नऊहून अधिक प्रौढांच्या अंगात तो असतो, तुमच्या आणि माझ्याही असण्याचीच शक्यता जास्त. बहुतेकांना त्याचा जन्मभर काही त्रास होत नाही.

हा विषाणू रक्तातल्या बी पेशींत, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच दुसऱ्या एका प्रकारात, लपतो, आणि इथे त्याची अडचण होते. चेतापेशी विभागत नाहीत, म्हणून व्हेरिसेलाला पूर्ण गप्प बसणं परवडतं. बी पेशी मात्र विभागतात. एकाच्या दोन झाल्या की विषाणूचा डीएनएही दोन्हींत पोचायला हवा, नाहीतर तो वाटेतच हरवणार. ते काम एबना-1 नावाचं एक प्रथिन करतं. ते बनवलं नाही तर विषाणू हरवतो आणि बनवलं तर शरीराला दिसतो. मग त्याने काय केलं? काहील एकच ठेवली आणि आच इतकी मंद की दिवसभरात दारात चिपाडाची एखादीच काडी पडावी.

हे कसं जमतं ते उलगडायला संशोधकांना वीसेक वर्षं लागली. एबना-1 मध्ये एक लांबलचक चमत्कारिक तुकडा आहे, 200हून जास्त अमिनो आम्लांचा, आणि त्यात फक्त दोनच प्रकारची आम्लं आलटून पालटून येतात, ग्लायसीन आणि अलानीन. भजनात एकच ओळ घोळवत बसावं तसं. 1995 मध्ये स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या गटाने दाखवलं की या तुकड्यामुळे टी पेशींना एबना-1 दिसत नाही. तेव्हा असं वाटलं की तुकडा प्रथिनाला मोडण्यापासून वाचवत असावा. 2003 मध्ये पॅरिसमध्ये रॉबिन फोरेउस यांच्या गटाने दुसरी बाजू समोर आणली: हा तुकडा स्वतःचंच उत्पादन हळू करतो. तो काढून टाकला की प्रथिन भराभर बनतं, आणि टी पेशींना लगेच दिसायला लागतं.

पुढे 2014 मध्ये आणखी आत पाहिलं गेलं. प्रथिनाआधी त्याचा संदेश असतो, आरएनएची लांब दोरी. रायबोसोम ही दोरी वाचत वाचत प्रथिन विणत जातो. ग्लायसीन आणि अलानीन यांच्या शब्दांत ग्वानीन हे अक्षर पुन्हा पुन्हा येतं, आणि असं ग्वानीन जवळजवळ आलं की दोरी स्वतःभोवती गुंडाळून चार पदरांचा घट्ट पीळ पडतो. रायबोसोम तिथे येऊन अडखळतो. सुतळीच्या गुंडाळीत गाठ आली की हात थांबतो, तसाच. संशोधकांनी प्रथिनात काही बदल न करता, नुसते त्या संदेशातले शब्द असे बदलले की पीळ पडणार नाहीत. अमिनो आम्लं तीच, क्रम तोच. आणि एबना-1 जास्त बनू लागलं, टी पेशींना जास्त दिसू लागलं. मला हा प्रयोग वाचला त्या दिवशी कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवलं नव्हतं. प्रथिन चांगलं टिकाऊ असतं, एकदा बनलं की बराच काळ पुरतं. म्हणून हळू बनवून विषाणूचं काही बिघडत नाही. कोठीत ढेपा पुरेशा आहेत, फक्त दारात चिपाड नाही.

परत सासूबाईंकडे येऊ. जागा झाल्यावर तरी हा विषाणू इतके दिवस धिंगाणा कसा घालू शकला? तेव्हा चुलवाण धडाडून पेटलेलं असतं, चिपाडांचा ढीग पडायला हवा. तो मग चिपाडं दारापर्यंत येऊच देत नाही. त्याचं एक प्रथिन एमएचसीच्या खुंट्या पेशीच्या आतच, गॉल्जी नावाच्या भागात, अडवून ठेवतं, त्यामुळे बाहेर टांगायला खुंटीच नसते. ओठावरच्या हर्पिसची तऱ्हा आणखी वेगळी. तो पेशीत शिरताना आपल्याबरोबर एक कात्री घेऊन येतो, आणि ती पेशीचे स्वतःचे संदेश तोडत सुटते, म्हणजे पेशीला मदतीची हाक मारणारी प्रथिनं बनवताच येत नाहीत. करोनाच्या विषाणूनेही हेच केलं. त्याचं एनएसपी-1 हे प्रथिन रायबोसोमच्या ज्या खाचेतून संदेशाची दोरी आत सरकते तिथेच बोळा बसवतं. 2020 मध्ये त्याचं चित्र सूक्ष्मदर्शकातून टिपलं गेलं. स्वतःच्या प्रथिनांना गप्प करा, नाहीतर पेशीच्या प्रथिनांना. या सगळ्यांची धाव तिथेच.

आता गोळ्यांचं. पहिल्या दिवशी दिल्या असत्या तर विषाणू कायमचा गेला असता का? नसता, ताई. आणि त्याचं कारण वर सांगितलं त्यातच आहे. असायक्लोव्हिर आणि त्याची भावंडं ही नागिणीवरची औषधं अशी आहेत की ती शरीरात गेल्यावर जवळजवळ निकामी असतात. विषाणूचं स्वतःचं एक प्रथिन, थायमिडीन कायनेज, त्यांना हात लावतं तेव्हाच ती कामाला लागतात आणि विषाणूच्या डीएनएची साखळी मध्येच तोडतात. त्यामुळेच ही औषधं निरोगी पेशींना फारसा त्रास देत नाहीत. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत घडलं त्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं, त्यांच्या औषधशोधाच्या सगळ्या कामासाठी. पण झोपलेला विषाणू थायमिडीन कायनेज बनवतच नाही. बाजूच्या गाठींमध्ये जो शांत पडून आहे, त्याला औषध दिसत नाही, जसा तो टी पेशींना दिसत नाही. गप्प राहण्याने त्याला दोन्हींपासून आसरा मिळतो.

गोळ्यांनी जे होतं ते असं: पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू केल्या तर नवे फोड थांबतात, जखमा लवकर भरतात, सुरुवातीच्या दुखण्याचा जोर कमी होतो. चौथ्या दिवशी नवे फोड येतच होते म्हणून डॉक्टरांनी त्या दिल्या हे योग्यच केलं. गेरूच्या लेपात मधले दिवस हातचे गेले, हे मी लपवणार नाही. पण या दुखण्यामागे मुख्यतः वय आहे, आणि त्या गाठीतल्या चेतापेशींना झालेली इजा आहे. पुन्हा घरात, शेजारात कुणाला एकाच बाजूला आग होऊन पट्ट्याने फोड आले तर गेरू बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना, एवढं गल्लीतल्या त्या बाईंनाही प्रेमाने सांगा. त्यांनी वाईट हेतूने काही केलेलं नाही, आणि त्यांचा शब्द गल्लीत चालतो. आणखी एक त्यांना आवर्जून सांगा: कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर तासही दवडू नये, कारण डोळ्याची आणि नाकाच्या शेंड्याची संवेदना एकाच तंतूच्या फांद्यांवर असते आणि दृष्टी जाऊ शकते.

उपवासाचं मनातून काढून टाका. नवरात्राचे उपवास सासूबाई 40 वर्षं करत आल्या आहेत, त्याने नागीण उठत नाही. "अंगातली उष्णता बाहेर पडली" असं नणंद म्हणते, तेही नाही. अमेरिकेच्या आकडेवारीत दर तिघांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होते. त्या तिघांतल्या एकाच्या सुनेने काही चुकीचं केलेलं असतं असं नाही.

दुखण्याला मात्र "होईल हळूहळू" म्हणून सोडू नका. माझ्या वडिलांना नागीण झाली तेव्हा मी शिकत होते. फोड बरे झाल्यावर दोन महिने त्यांना त्या अंगाला सदऱ्याचा स्पर्श सोसायचा नाही. पंख्याच्या वाऱ्याने कापड हललं तरी कळवळायचे. आम्हाला वाटायचं, जखम तर भरलीय, मग हे नाटक का? नाटक नव्हतं. इजा झालेली चेतापेशी कापडाच्या स्पर्शालाच आग म्हणून वर कळवते. साध्या तापाच्या गोळीने हे दुखणं बहुधा दबत नाही. त्यासाठी वेगळी औषधं आहेत, गाबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी, किंवा कातडी बधिर करणारी लिडोकेनची पट्टी. यातलं काय आणि किती, ते सासूबाईंचं वय, मूत्रपिंड आणि इतर औषधं पाहून डॉक्टरच ठरवतील. या औषधांनी सुरुवातीला गुंगी येते, रात्री उठताना तोल जाऊ शकतो, तेव्हा न्हाणीपर्यंतचा दिवा लावून ठेवा. येत्या आठवड्यातच त्यांना परत दाखवा आणि "दुखतंय" एवढंच न सांगता, पदर लागला तरी आग होते का, झोप किती तास लागते, हे सांगा. घरात अंगाला मऊ, धुऊन जुनं झालेलं सुती नऊवारी त्यांना सगळ्यात सोसेल.

नागिणीची लसही आहे, आणि ती भारतात मिळते. तिचं मला अप्रूप वाटतं कारण ती विषाणूच्या युक्तीवर बरोबर उलटी जाते. तिच्यात अख्खा विषाणू नाही. जागं झाल्यावर तो जे प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवतो आणि ज्यावाचून त्याचं चालत नाही, त्या जीई नावाच्या प्रथिनाचाच फक्त तिच्यात वापर केलाय. सोबत प्रतिकारशक्तीला हलवून जागं करणारी द्रव्यं आहेत, त्यातलं एक चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. थकलेल्या राखणदाराला ती एकच खूण पुन्हा पाठ करून देते. 50च्या पुढच्या माणसांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तिने नागीण 97 टक्क्यांनी रोखली, आणि सत्तरीपुढच्यांतही संरक्षण 90 टक्क्यांच्या जवळपास राहिलं. दोन मात्रा, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते, आत्ताचं पुरळ पूर्ण बरं झाल्यावर. ती महाग आहे हे खरं. सासरे सत्तरीत आहेत असं तुम्ही लिहिलंय. पैसे एकाच्याच लशीचे जमणार असतील तर दोघांपैकी आधी कुणाला, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. माझा कल सासऱ्यांकडे जाईल, कारण सासूबाईंच्या राखणदाराला नुकतीच जाग आली आहे.

राहिला नातू. आजीकडून त्याला नागीण होऊ शकत नाही. फोडांतलं पाणी लागलं असतं तर, कांजिण्यांची लस घेतली नसेल आणि आधी कांजिण्या आल्या नसतील अशा मुलाला कांजिण्या येऊ शकल्या असत्या. त्याच्या लसीचं कार्ड काढून बघा. लस झाली असेल तर चिंता फारच कमी. झाली नसेल तर सासूबाईंच्या शेवटच्या फोडाने खपली धरली त्या दिवसापासून तीन आठवडे त्याच्या अंगाकडे लक्ष ठेवा, आणि त्याची लस डॉक्टरांना विचारून उरकून घ्या. घरात कुणी गरोदर असेल आणि तिला कांजिण्या आल्याचं आठवत नसेल तर तिने मात्र डॉक्टरांना कळवावं.

तुम्ही लिहिलंय, तो रोज रात्री दाराशी उभा राहून "आजी, गोष्ट" म्हणतो आणि तुम्ही त्याला उचलून नेता. फोड सुकून खपल्या धरल्या की तिथून विषाणू पसरत नाही, आणि सासूबाईंचे सगळे सुकलेत. आज रात्रीपासून त्याला त्यांच्याजवळ झोपू द्या. फक्त उजव्या कुशीला, डावीकडे पाय लागला तर त्यांना दुखेल.